शालनवहिनींची सवत

आखाड्यातली माती कुणी एकानं आणलेली नसते. कुणी ताक ओततं, कुणी तेल, सांगलीच्या बाजारातून येताना कुणी हळदीची पुडी आणून टाकतं, कुणी लिंबं पिळतं. घाम तर सगळेच घालतात. पुढं कधीतरी मूठभर माती उचलून विचारा, यात कुणाचं काय आहे? कुणालाच सांगता येणार नाही. तालमीतल्या किश्श्यांचंही तसंच. ते साचत जातात, मळले जातात, आणि कुणी किती पाणी घातलं ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझ्या किश्श्यांत पाणी जास्त असतं, असं गावाचं मत आहे. माझा मंडपाचा धंदा. लोक तोंडावर म्हणतात, "दत्तू सांगतोय न्हवं? मग बारदान वजा करून घ्या!" अडतीवर गुळाचं वजन करताना रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, ते बारदान. घ्या बापडे वजा करून. माल शिल्लक राहतोच.

*

कराडवरून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. गावात मारुतीची तालीम. अर्ध्या तालमीत लाल मातीचा हौद, उरलेल्या अर्ध्यात डंबेल, लोखंडी बार आणि एक बाकडं. पैलवान पोरं पहाटे येऊन जातात. ती गेली की आमची बॅच. पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे, सगळे वजन कमी करायला आलेले. भाऊ वस्तादांनी आमचं बारसं केलं होतं, 'पोटाची बॅच'.

वस्ताद म्हणजे कान मोडलेला, मान नसलेला आणि हसू आलं तर ते मिशीतच जिरवणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला बंद पडलेल्या अडतीवरनं आणलेल्या काट्यावर एकेक करून उभं केलं. सुभेदार चढले. फौजेतनं रिटायर होऊन आलेले, छाती पुढं काढायची सवय, पण मधल्या काळात छातीच्या पुढं पोट निघून गेलेलं. काटा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि सॅल्यूट मारून जागेवर थांबला!

वस्तादांचा नियम एकच. "आधी उतर, मग उचल. पोट आत गेल्याबिगर लोखंडाला हात लावायचा न्हाई. भरल्या ट्रॉलीत कुनी आनी ऊस टाकतं का?"

मी म्हटलं, "आवं वस्ताद, आपल्याकडं टाकत्यात की!"

"म्हनून तर उलटत्यात!"

सुभेदारांनी मोबाइल पुढं केला. "वस्ताद, इसमें तो बोल रहा है, पहिल्या दिवसापासनं थोडं वजन उचलायला पायजे."

"मोबाइलला घाम येतो का?" वस्ताद म्हणाले. विषय संपला. आम्ही कॅनॉलच्या कडेनं चालायला लागलो.

*

माझ्या डाएटचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. ऐन लग्नसराईत मी रात्रीचं जेवण सोडलं. मंडपवाला जेवला नाही की मुलीच्या बापाला वाटतं, मानपानात काहीतरी राहिलं. एका लग्नात मी नुसतं गरम पाणी प्यायलो. आधी मुलीचा बाप आला, मग मामा आला, मग नवरदेवाचा चुलता आला. "काय चुकलं आमचं, दत्तूशेठ?" शेवटी नवरा-नवरीनं बोहल्यावरनं उतरून मला जिलेबी भरवली. फोटोग्राफरला फोटो नीट मिळेना, म्हणून परत भरवली. चार वेळा!

बारदान वजा करा. पण दोन वेळा तर नक्की.

*

आमच्या बॅचमध्ये वसंता सगळ्यात शेवटी आला. वसंता एसटीत ड्रायव्हर होता. सगळी नोकरी पाटणच्या घाटरस्त्यात गेली. त्याचं पोट असं, की वळणावर स्टिअरिंग हातानं फिरवायची गरजच नाही, असं आम्ही म्हणायचो. तो हसायचा. नोकरी संपली आणि त्याच वर्षी त्याच्या बायकोच्या, शालनवहिनींच्या, मणक्यात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं, पण पाय गेले ते गेलेच. लेक लग्न होऊन पुण्याला. घरात दोघंच.

पहिल्याच दिवशी वसंता वस्तादांपुढं हात जोडून उभा राहिला.

"वस्ताद, मला बारीक करा. आन उचलायला शिकवा. हिला कॉटवरनं खुर्चीत, खुर्चीतनं मोरीत, असं दिवसात लय बारी उचलाय लागतं. मला दम लागतो. एक दिवस हातातनं सुटंल माज्या."

वस्ताद म्हणाले, "सुटत न्हाई. पर आधी उतर, मग उचल."

"मला आत्ताच उचलाय लागतंय की वो."

"तेवढं तीन म्हैनं कसंबी काढ."

वसंतानं जन्मभर सिग्नल पाळला होता. त्यानं वस्तादांचा शब्दही पाळला. रात्रीची भाकरी बंद, भात बंद, दूध बंद. सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालायचा, संध्याकाळी परत चालायचा. आम्ही नारळाच्या झाडाखाली बसून दम खायचो, तो आमच्या पुढ्यातनं दोनदा जाऊन यायचा. बघता बघता असा उतरला, की शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. आम्ही तालमीत त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, सुभेदारांचं हिंदीतनं भाषण!

तो नारळ घेऊन मीच त्याच्याबरोबर घरी गेलो. शालनवहिनी कॉटवर उशीला टेकून लसूण सोलत होत्या. नवऱ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाल्या, "दत्तू भावजी, ऊस दिलावता तुमच्या तालमीत. चिपाड घिऊन आलाय व्हय माघारी?"

आम्ही लई हसलो.

*

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. मी त्यांच्याकडं खुर्च्या न्यायला गेलो होतो. बघायला येणाऱ्यांसाठी माझ्या चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या तिथंच असायच्या. दार उघडं. हाक मारली तर आतनं वहिनींचा आवाज आला, "या की. पर खाली बगून या!"

कॉट आणि चाकाची खुर्ची यांच्या मधल्या फरशीवर दोघं बसलेले. वसंताची पाठ कॉटला, वहिनींची पाठ वसंताच्या छातीला. उचलता उचलता त्याच्या दंडातलं बळच संपलं होतं. तिला लागू नये म्हणून तो स्वतः खाली झाला आणि ती त्याच्या अंगावर आली. तिथनं ना तिला उठवता येईना, ना त्याला उठता येईना.

"कवापासनं बसलाय?" मी विचारलं.

"घाटात गाडी बंद पडली बगा," वहिनी म्हणाल्या. "ड्रायव्हर म्हनला, मागनं दुसरी एसटी येतीया तवर बसून ऱ्हावा."

त्या हसत होत्या. मागं वसंता त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवून रडत होता. आपण रडतोय हे तिला दिसत नाही, असं त्याला वाटत होतं. तिच्या खांद्यावरचा पदर तर भिजला होता.

*

तपासणीच्या पुढच्या खेपेला वहिनींना मिरजेला न्यायचं होतं. वस्तादांनी पुतण्याची गाडी काढली आणि स्वतःच बरोबर गेले. मीही होतो. व्यायाम शिकवणाऱ्या ज्या डॉक्टरीणबाई होत्या, त्या वयानं आमच्या लेकीएवढ्या. त्यांनी वहिनींना तपासलं आणि मग वसंताचा दंड दोन बोटांत धरून बघितला.

"काका, तुम्ही आजारी आहात का?"

"न्हाई. वजन कमी केलंय."

"कसं?"

वसंतानं सगळं सांगितलं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, असं नुसतं उपाशी राहून आणि चालून चरबीबरोबर मांसपण जातं. वजन कमी करायला घेतलं, की त्याच आठवड्यात थोडं थोडं वजन उचलायलाही घ्यायचं. हलकं घ्यायचं, पण घ्यायचं. आणि डाळ, अंडी, ताक पोटात गेलं पाहिजे. तुमचे तर हातच गेलेत! नंतर उचला म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

वसंता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला. त्यानं नाव सांगितलं नसतं. फासावर दिला असता तरी सांगितलं नसतं.

मागनं वस्ताद म्हणाले, "म्या सांगितलं."

एवढा मोठा माणूस, पण पाढे चुकलेल्या पोरासारखा उभा होता. बाईंनी दोघांनाही पुढं घेतलं आणि माणूस कसं उचलायचं ते शिकवलं. गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही. अंगाशी घट्ट धरायचं, लांब नाही. वस्तादांनी हात बांधून सगळं ऐकलं. परत येताना तासगाव मागं पडलं. वस्ताद म्हणाले, "वसंता, उद्यापासनं उचल."

*

दुसऱ्या दिवशी वसंतानं बारला हात लावला आणि सोडून दिला.

"ह्येचा काय उपेग न्हाई, वस्ताद. ह्यो ताठ हाय. मानूस असा ताठ ऱ्हात न्हाई. खाली लोंबतंय, एका अंगाला कलतंय."

वस्तादांनी कोपऱ्यातलं एक जाड पोतं झटकलं, फावडं घेतलं आणि हौदातली लाल माती त्यात भरायला लागले. वहिनींचं वजन मिरजेच्या काट्यावर नुकतंच झालं होतं. सुरुवात निम्म्यानं करायची, मग हप्त्या-हप्त्याला घमेलं वाढवत तिच्या वजनापर्यंत जायचं, असं ठरलं.

काट्यावर पोतं ठेवताना मी म्हटलं, "वस्ताद, बारदान धरून का वजा करून?"

उत्तर वसंतानं दिलं. "धरून. ती काय लुगड्याबिगर असती व्हय?"

*

तालमीत वजन खाली टाकायची एक पद्धत असते. दाणकन आपटायचं, म्हणजे शेजारच्या आळीला कळलं पाहिजे. वसंता पोतं उचलायचा, हौदाला फेरी घालायचा आणि बाकड्यावर असं ठेवायचा, की आवाजच येऊ नये. ठेवताना एक हात पोत्याच्या गाठीखाली राहायचा. मानेखाली ठेवावा तसा.

सुभेदार ओरडले, "अरे फेक ना यार! जवान का तरह फेक!"

"फेकू कशी, सुभेदार?" वसंता म्हणाला.

त्या दिवसानंतर आमच्यात कुणी वजन आपटलं नाही. तसं कुणी ठरवलंही नव्हतं.

एकदा मी गप्पांच्या नादात त्या पोत्यावर बूड टेकलं. वस्ताद लांबनं गरजले, "ऊठ!" मी ताडकन उठलो. वसंता हसला. "बसू द्या की. ती काय म्हननार न्हाई. दत्तू भावजी वजनाला जड, पर बोलाय लय हलकं, असंच म्हनती ती."

*

दिवाळीच्या सुमाराला वसंता पूर्ण पोतं घेऊन हौदाला फेऱ्या घालायला लागला. जेवतही होता. दंड भरले, पाठ रुंद झाली, आणि पोट जे गेलं ते परत आलं नाही. वहिनींना तो घरभर फिरवायचा. परसात न्यायचा, शेवग्याखाली बसवायचा. त्यांनीच एक दिवस फर्मान काढलं, "रोज सकाळी उठून तिला मिठी मारून येताय. माजी सवत बगायची हाय मला!"

रिक्षातनं तो त्यांना तालमीच्या दारात घेऊन आला. आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. आमच्या तालमीत बाईमाणूस येत नाही. बापजाद्यांपासनं उंबऱ्याच्या आत बाईचा पाय पडलेला नाही. हे बरं की वाईट, ते तुम्ही ठरवा. पण वस्तादांनी स्वतःच्या लेकीलाही कधी आत येऊ दिलेलं नव्हतं.

वस्ताद दारात गेले. मारुतीकडं बघितलं. मग वहिनींच्या पायांकडं बघितलं.

"पाय पडायचा न्हाई आत," ते म्हणाले.

वसंताचा चेहरा उतरला.

"मग उचलून आन की रं," वस्ताद म्हणाले. "ती कुटं पाय टेकनार हाय!"

वसंतानं त्यांना दोन्ही हातांवर आत आणलं. त्यांनी मारुतीला हात जोडले, हौद बघितला, भिंतीवरचे जुन्या पैलवानांचे फोटो बघितले. मग बाकड्यावरचं पोतं बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"आगं बया! ही तर माज्यापरीस जाड हाय की!"

कुणी हसलं नाही. कारण खरंच होतं. वसंताच्या हातांवर त्या होत्या, शेजारी पोतं होतं, आणि ते सगळ्यांना एकाच वेळी दिसलं.

वहिनींच्याही लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "चला, माज्या चहाची येळ झाली."

त्या गेल्यावर वस्तादांनी पोत्याची गाठ सोडली, एक घमेलं माती काढली आणि हौदात ओतली.

*

मग ते नेहमीचंच झालं. वहिनींच्या मणक्यातली गाठ परत उठली होती. मिरजेहून आला की दुसऱ्या दिवशी वसंता आधी काही न बोलता उकिडवा बसायचा, पोत्याची गाठ सोडायचा आणि ओंजळीनं माती काढून हौदात टाकायचा. वहिनींची तब्येत आम्ही कधी विचारली नाही. तो किती ओंजळी काढतो, तेवढं बघायचो.

सुभेदार मधे बरेच दिवस पोराकडं डेहराडूनला होते. ते आले आणि हे बघून त्यांचा फौजी आवाज चढला, "ये क्या उलटी परेड लगा रखी है? वजन वाढवायचं असतं रे, तू कमी करतोयस?"

वसंता वर न बघता म्हणाला, "काय करू सुभेदार, मालच उतराय लागलाय."

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते बाहेर नळावर गेले आणि किती तरी वेळ तोंड धूत राहिले.

*

शेवटी शेवटी मी वहिनींना भेटायला गेलो होतो. वसंता मेडिकलमध्ये गोळ्या आणायला गेलेला. त्यांचा आवाज बारीक झाला होता, जीभ नव्हती झाली.

"भावजी, तुमच्या तालमीला मानलं. आता ह्ये मला एका हातावर उचलत्यात. म्हनत्यात, बग शालन, ताकद कशी वाढलीया माजी."

मी म्हटलं, "मग? वाढलीच हाय की."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "मीबी तसंच म्हनती," त्या म्हणाल्या. "त्येंना बरं वाटतं."

दारात चप्पल वाजली. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

*

वहिनींचं तेरावं झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी वसंता तालमीत आला. पोतं बाकड्यावर तसंच होतं. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. त्यानं ते गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून उचललं, हौदाला एक फेरी घातली आणि मारुतीच्या बाजूच्या कोपऱ्यात सगळी माती ओतली. हातानं सारखी केली. पोतं झटकलं, घडी घातली आणि बाकड्यावर ठेवलं.

रोज सकाळी वस्ताद फावड्यानं सगळा हौद खणून माती मोकळी करतात. त्या दिवसापासनं तो कोपरा ते खणत नाहीत. हौदात उतरताना आधी वाकून माती कपाळाला लावायची असते. ते ती तिथलीच घेतात.

*

वसंता अजूनही रोज येतो. गेल्या महिन्यात आमच्या बॅचला एक नवीन पोट आलं. सोसायटीतला क्लार्क, चाळिशीचा, पायऱ्या चढून आला तर बोलायला दम नाही. काट्यावर उभा राहिला. सुभेदारांनी काट्याची चेष्टा केली, मी त्यात थोडी भर घातली. माणूस हसला आणि मग वस्तादांना म्हणाला, "वस्ताद, मला वजन कमी करायचंय. लोखंड कवा चालू करू? आत्ता का नंतर?"

आम्ही सगळे वस्तादांकडं बघायला लागलो. वस्तादांनी वसंताकडं बघितलं.

वसंता बाकड्यापाशी गेला. घडी घातलेलं पोतं उचललं, उलगडलं, फावडं घेतलं आणि त्या माणसाला विचारलं,

"घरात कोन कोन असतं तुमच्या?"